‘टाइप थ्री’चा दुसरा अल्बम

आमच्या रॉक बँडचा पहिला अल्बम एकोणीसशे ब्याण्णव साली आला आणि दुसरा दोन हजार तीन साली. मधली अकरा वर्षं तुम्ही काय करत होता, असं लोक विचारतात. म्हणजे अजून कोणी विचारलेलं नाही, पण विचारलंच तर उत्तर तयार असावं म्हणून मी ते लिहून ठेवलं आहे. आम्ही परवानगीची वाट बघत होतो.

मी श्यामकांत दाभोळे, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. माझ्याकडे बघून हा माणूस रॉक गात असेल असं कोणाला वाटत नाही. सुमित्राला, म्हणजे माझ्या बायकोला, ऐकूनही वाटत नाही. पण ब्याण्णव साली दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात मी, माझ्याच मंत्रालयातला राजीव आणि शेजारच्या ब्लॉकमधला विश्वनाथ, असे आम्ही तिघं मिळून बँड काढला होता. तिघंही सरकारच्या टाइप थ्री क्वार्टरमध्ये राहायचो, म्हणून बँडचं नाव ‘टाइप थ्री’. मी गायचो, राजीव गिटार वाजवायचा, विश्वनाथ ड्रम बडवायचा. अल्बमचं नाव होतं ‘नो ड्यूज’. गाणी निम्मी मराठी, निम्मी हिंदी. विषय आमचेच: सकाळी साडेपाचला येऊन सहाला जाणारं पाणी, गॅसचा नंबर, बढतीची यादी. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात दोनशे कॅसेट खपल्या. आमच्या कॉलनीत दोनशे मराठी घरं नव्हती, यावरून काय ते समजा. लोक मांडवात थांबवून सांगायचे, “श्यामकांत, काय अल्बम आहे राव!” हे वाक्य मी अकरा वर्षं जपून ठेवलं होतं.

एकच माणूस विरोधात होता. विष्णुपंत चांदोरकर, ऑडिटमधले बडे अधिकारी, आमच्याच जिन्यात तळमजल्याला. त्यांनी कॅसेट विकत घेतली, ऐकली आणि आमच्याविरुद्ध कॉलनीच्या ऑफिसात सहा पानी तक्रार केली. रविवारी दुपारी दोन ते चार या वेळात आम्ही सराव करतो आणि त्यांची झोप मोडते, असा एकंदर मुद्दा होता. आम्ही त्यांना शत्रू ठरवलं आणि पुढे जिन्यात दिसले की ते आणि मी, दोघंही नोटीस बोर्ड वाचायला लागायचो.

आता परवानगीचं. पहिला अल्बम आम्ही उत्साहाच्या भरात कोणालाही न विचारता काढला होता. नंतर मला धास्ती बसली. सरकारी नोकराने असं काही करण्याआधी वरिष्ठांची परवानगी घ्यायची असते, निदान मी तरी आयुष्यात सगळं परवानगी घेऊन केलं आहे. तेव्हा दुसऱ्या अल्बमसाठी मी रीतसर अर्ज केला, सोबत सात गाण्यांचे शब्द जोडले. राजीव म्हणाला, “यार, कशाला विचारतोस? काढून मोकळे होऊ.” मी म्हटलं, “दोन महिन्यांचा प्रश्न आहे. फाइल मीच फिरवतो, मला माहीत आहे ती कशी फिरते.” हे वाक्य राजीव मला अजून ऐकवतो, विशेषतः चार माणसांत.

फाइलवर पहिली शंका आली त्र्याण्णवमध्ये: ‘पहिला अल्बम अपुरा पडला काय? असल्यास कारणे द्यावीत.’ मी कारणं दिली. दुसरी शंका चौऱ्याण्णवला: ‘ढोल कार्यालयीन वेळेत वाजवले जाणार काय?’ नाही, असं कळवलं. मग तीन वर्षं फाइल एका साहेबांच्या कपाटात राहिली, कारण साहेब बदलून गेले आणि किल्ली बरोबर गेली. मग गाण्यांच्या ओळींवर शेरे यायला लागले. सातव्या गाण्यात ‘खिडकीपुढे उभा राहून मेलो’ अशी ओळ होती. त्यावर लिहून आलं: ‘ही घटना कोणत्या विभागात घडली?’ मी घाबरलो आणि ओळ बदलून ‘खिडकीपुढे उभा आहे’ अशी केली. मग ‘उभा’वर शंका आली, की अभ्यागतांसाठी खुर्च्या नाहीत असं सुचवायचं आहे काय? तेव्हा ‘खिडकीपुढे मी आहे’ असं केलं. यावर शंका आली नाही. अशा रीतीने सातही गाण्यांत काही शिल्लक राहिलं नाही, पण हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला वाटत होतं की शब्द प्रौढ होत चालले आहेत.

दरम्यान देश बदलत होता. विश्वनाथने सरकारी नोकरी सोडली! पर्मनंट नोकरी! फरीदाबादला एका खाजगी कारखान्यात गेला. त्याची आई आठवडाभर जेवली नाही, मला स्वतःला दोन दिवस ताप होता. दोन वर्षांत त्याने गाडी घेतली तेव्हा तो ताप पुन्हा आला. आम्ही लक्ष्मीबाई नगरातल्या काही मराठी कुटुंबांनी मिळून दिल्लीच्याच द्वारका भागात सोसायटी काढली, ‘मुळा-मुठा अपार्टमेंट्स’. तिचंही पझेशन दर दिवाळीला मिळणार होतं. ते अखेर दोन हजार दोनमध्ये मिळालं आणि मी दुसऱ्या अल्बमचं नावच ‘पझेशन’ ठेवलं. खिडकीबाहेर मेट्रोचे खांब उभे राहत होते, घरात चोवीस तास पाणी होतं, आणि चांदोरकर, आता निवृत्त, तळमजल्यावरच राहायला आले होते.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये फाइलवर शेवटची शंका आली. मी ती पाठ केली आहे. ‘दुसरा अल्बम पहिल्याच्या तोडीचा आहे काय? पहिल्या अल्बमची प्रत जोडून तुलनात्मक अभिप्राय सादर करावा.’

मी आनंदलो. एवढंच? तोपर्यंत फरीदाबादच्या एका बँक्वेट हॉलच्या तळघरातल्या स्टुडिओत आमची सहा गाणी रेकॉर्डही झाली होती. सातवं बाकी होतं. राजीवची कंबर धरली होती, म्हणून तो खुर्चीवर उशी घेऊन वाजवायचा. विश्वनाथच्या मानेला पट्टा होता, डॉक्टरने जोरात मारू नका म्हणून सांगितलं होतं. पण रेकॉर्डिंग कसं स्वच्छ! माझा बारा वर्षांचा मुलगा आशय ऐकून म्हणाला, “अच्छा आहे बाबा. बिल्कुल स्कूल असेंब्लीसारखं.” दिल्लीत वाढलेल्या मुलांना मराठीत कौतुक नीट करता येत नाही, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

प्रश्न फक्त पहिल्या अल्बमच्या प्रतीचा होता. माझ्याकडच्या दोन कॅसेटपैकी एक मूळ अर्जाला जोडली होती आणि ती फाइलमधून कधीच गायब झाली होती. दुसरीची फीत आशयने दोन वर्षांचा असताना बाहेर ओढून सोफ्याला गुंडाळली होती. राजीवने आपली प्रत एका मुलीला दिली होती. तिने लग्न दुसऱ्याशी केलं आणि कॅसेट कानपूरला नेली. पण त्यात काय मोठंसं? सोसायटीत निम्मी घरं आमच्या जुन्या श्रोत्यांची. कोणाकडेही मागावी.

मी पहिल्यांदा वैजयंतीबाईंकडे गेलो. या आमच्या सोसायटीच्या खजिनदार, मांडवात सर्वांत मोठ्याने ‘काय अल्बम आहे!’ म्हणणाऱ्या.

“अहो, ती कॅसेट? विसरेन कशी? अजून लावतो आम्ही,” त्या म्हणाल्या. “दर पौर्णिमेला.”

मला भरून आलं. दर पौर्णिमेला! त्यांनी कॅसेट आणली, टेपमध्ये घातली. मी डोळे मिटून विश्वनाथच्या ड्रमची वाट बघू लागलो. आतून आवाज आला, “कलावती नावाची एक कन्या होती.”

सत्यनारायणाची पोथी होती. गुरुजी मिळाले नाहीत की ही लावतात म्हणे. “दोन्ही बाजूंना छान मावली,” असंही त्यांनी सांगितलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड करता येत नाही. आमच्या दोनशे कॅसेटचे तुकडे राजीवने स्वतः बसून स्क्रू ड्रायव्हरने मोडले होते, त्यात अंगठा कापून घेतला होता. म्हणजे हा अपघात होऊच शकत नव्हता. त्या भोकांवर सेलोटेप चिकटवावी लागते. ज्याने आमचा अल्बम पुसला त्याने आधी कात्री शोधली होती.

मी दुसऱ्या घरी गेलो. तिथल्या कॅसेटवर मुलाची वक्तृत्व स्पर्धा होती, ‘आदर्श नागरिक’. तिसऱ्या घरी पाकिस्तानविरुद्धच्या एका सामन्याची शेवटची दहा षटकं. चौथ्या घरी तिथल्या काकूंच्या जावयाने अमेरिकेहून फोनवर केलेलं बोलणं, ज्यात तो अर्धा तास तिथली थंडी सांगतो. प्रत्येक कॅसेटच्या कडेला ती सेलोटेप, नीट कापलेली, काही ठिकाणी दुहेरी. आणि प्रत्येक घरी तेच वाक्य, “पण काय अल्बम होता हो!” चार दिवसांत मी एकोणीस घरं फिरलो. अकरा वर्षं ज्या लोकांच्या जोरावर मी ऑफिसात मान ताठ ठेवून बसत होतो, त्यांच्यातल्या एकानेही तो अल्बम पुरता ऐकला नव्हता. सचिव भाटियाजींनी दारातच सल्ला दिला, “दाभोळेजी, नया बन तो रहा है, पुराने का क्या करोगे?” भाटियाजी सोसायटीतले एकमेव पंजाबी. त्यांनी तेव्हा कॅसेट घेतलीच नव्हती, आणि मला वाटलं, हाच एक प्रामाणिक माणूस.

रविवारी सकाळी सातव्या गाण्याचं रेकॉर्डिंग होतं. मी फरीदाबादला पोचलो तो धुमसतच. सगळी हकीगत सांगितली. राजीव अंगठ्याकडे बघत बसला. विश्वनाथ हसला आणि म्हणाला, “एवढंच ना? माझी आहे की. गाडीत आहे.”

आम्ही तिघं त्याच्या गाडीत जाऊन बसलो. त्याने कॅसेट घातली. आतून त्याची मुलगी सलोनी, वय तेव्हाचं पाच, म्हणाली, “बे एके बे.”

 सलोनी बे दाहे वीसपर्यंत पोचली.

“प्रभाने केलं असेल,” विश्वनाथ म्हणाला. प्रभा म्हणजे त्याची बायको. एवढ्यात टेपमधून त्याचाच आवाज आला, “शाबास! आता तीनचा.”

“तू!” राजीव ओरडला. “अरे, तू स्वतः ड्रम वाजवलेस त्यावर!”

“तुम्ही काय केलंत इतकी वर्षं?” विश्वनाथही भडकला. “याने अर्ज केला आणि तू त्याच्या नावाने हसत बसलास. मी वाट बघायची तरी किती? रिकामी कॅसेट नव्हती घरात!”

पुढचं सगळं लिहीत नाही. मी विश्वनाथला गद्दार म्हणालो, तो मला कारकून म्हणाला. सेक्शन ऑफिसरला कारकून म्हणणं काय असतं हे दिल्लीतला माणूसच जाणे. आतून स्टुडिओवाल्याने हाक मारली, “भाईसाहब, ग्यारह बजे जागरण पार्टी आ रही है, करना है तो अभी करो.” आम्ही एकमेकांचं तोंड न बघता आत गेलो आणि सातवं गाणं वाजवलं. विश्वनाथने मानेचा पट्टा काढून फेकला. राजीव उशीवरून उठून उभा राहिला. आणि मी, काय झालं मला कळलं नाही, ‘खिडकीपुढे मी आहे’ असं छापलेला कागद हातात असताना ‘खिडकीपुढे उभा राहून मेलो’ असं ओरडलो. तेही तीनदा. गाणं संपलं तेव्हा माझा घसा बसला होता आणि विश्वनाथची एक काठी मोडली होती. खराब झालं, असं तिघांचं मत पडलं. पण देवीची भजनं म्हणणारी ती जागरण पार्टी दारात उभी होती, म्हणून तसंच ठेवून दिलं, दुसऱ्या बाजूला शेवटी.

परत येताना मला एक विचार सुचला आणि मी स्वतःच दचकलो. एकच माणूस असा होता की ज्याने अल्बम ऐकला होता याचा लेखी पुरावा होता.

चांदोरकरांनी दार उघडलं. मी नोटीस बोर्ड शोधला, पण घरात तो नव्हता. “या,” ते म्हणाले. मी काम सांगितलं. ते आत गेले आणि लाल फीत बांधलेली फाइल घेऊन आले. आत तक्रारीची प्रत होती आणि तिला एका पाकिटात ‘नो ड्यूज’ची कॅसेट जोडलेली होती. कडेची भोकं उघडी. सेलोटेप नाही.

“पुरावा आहे. पुराव्यावर कोणी रेकॉर्ड करतं का?” ते म्हणाले.

मी ती सहा पानं पहिल्यांदा वाचली. ‘गाणे क्र. १: ढोलवादक चिडलेला आहे. कारण कळत नाही, परंतु ऐकणाऱ्यालाही चीड येऊ लागते. गाणे क्र. ३: गायक किंचाळतो. पाणी गेल्यावर सदर तक्रारदारही असेच किंचाळतो, त्यामुळे झोप पूर्ण उडते. गाणे क्र. ५: तीन वेळा ऐकले. तिन्ही वेळा त्रास झाला.’ आमच्या अल्बमवर जगात एवढंच एक परीक्षण लिहिलं गेलं होतं आणि आम्ही त्याला अकरा वर्षं शिव्या दिल्या होत्या. मला रडू आलं. चांदोरकर घाबरले आणि पाणी आणायला गेले.

त्यांनी मूळ प्रत दिली नाही, समोर बसून नक्कल करून दिली. मी ती अर्जाला जोडली. तीन आठवड्यांत फाइल परत आली. तिच्यावर दोन ओळी होत्या: ‘कलेच्या स्वरूपाच्या कामास पूर्वपरवानगीची आवश्यकता नियमात नाही. अर्ज मुळातच अनावश्यक असल्याने निकाली.’

ऑफिसात मला खुर्चीवर बसवावं लागलं. सुमित्राला घरी येऊन सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, “म्हणजे राजीव बरोबर होता.” मी जेवलो नाही.

तरीही ‘पझेशन’ निघाला. यंदा मला कौतुक नको होतं. कौतुकाच्या कडेला काय चिकटवलेलं असतं ते मी पाहिलं होतं. मला एकाच माणसाचं मत हवं होतं. दुपारी ठीक दोनला मी चांदोरकरांकडे गेलो आणि त्यांच्या टेपमध्ये कॅसेट घातली. ते आरामखुर्चीत कागद-पेन्सिल घेऊन बसले. पहिलं गाणं झालं. त्यांनी काही लिहिलं नाही. दुसरं झालं. पेन्सिल मांडीवर ठेवली. तिसऱ्याला ते घोरू लागले.

पहिली बाजू संपल्याच्या खटक्याने जागे झाले आणि प्रसन्न हसले. “छान आहे हो. शांत वाटलं. काहीच तक्रार नाही.”

“काहीच नाही?” मी विचारलं. “ड्रम? माझा आवाज? पहिल्याच्या तोडीचा आहे का, एवढं तरी सांगा.”

“त्याचा त्रास व्हायचा,” ते म्हणाले. “याचा बिल्कुल होत नाही. कॅसेट ठेवून जा, दुसरी बाजू उद्या झोपताना लावीन.”

एखाद्याने तोंडावर मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तीन माणसांची अकरा वर्षं, आणि झोपताना लावीन! मी जिना चढून घरी आलो आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलो. भिंत स्वतःची होती, त्यावर चांगला रंग होता, चोवीस तास पाणी होतं, आणि मला पहिल्यांदाच समजलं की मी सहा गाण्यांत हेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाटियाजींचा इंटरकॉम आला. “दाभोळेजी, फौरन ऑफिस आइए. आपके खिलाफ कंप्लेंट है.”

सोसायटीच्या ऑफिसात तक्रार-वही उघडी पडली होती. चांदोरकर वहीत मराठीतच लिहितात, त्यामुळे भाटियाजींना अर्थ लागत नव्हता. “पूरा पेज भर दिया है चांदोरकर साहब ने. लिखा क्या है?”

मी वाचलं. ‘आज दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, अल्बम “पझेशन”, दुसरी बाजू, गाणे क्र. ७ मुळे सदर तक्रारदारास दचकून जाग आली. गायक खिडकीपुढे मरतो, तेही तीनदा. ढोलवादकाला झाले आहे तरी काय? गाणे पुन्हा लावून खात्री केली. चार वेळा. झोप लागली नाही, चहाही गोड लागला नाही. पहिल्या अल्बमच्या गाणे क्र. ५ नंतर इतका त्रास झालेला नाही. संबंधितांकडून लेखी खुलासा घ्यावा.’

मी ते पुन्हा वाचलं. मग तिथल्याच फोनवरून विश्वनाथला फरीदाबादला लावला. सलोनीच्या पाढ्यांनंतर आम्ही बोललो नव्हतो. मी त्याला पूर्ण तक्रार वाचून दाखवली. ‘ढोलवादकाला झाले आहे तरी काय’ हे त्याने मला दोनदा वाचायला लावलं, आणि मग बराच वेळ त्याला नाक शिंकरायला लागलं.

“बहुत सीरियस मामला है क्या?” भाटियाजींनी विचारलं.

“बहुत,” मी म्हटलं.

त्यांनी पेन पुढे केलं. “तो यहाँ नीचे लिख दीजिए, कि आगे से ऐसा नहीं होगा. मामला खत्म.”

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी शेकडो वेळा लिहिलं असेल, हात आपोआप चालतो. ‘पुन्हा असे’ इथपर्यंत लिहून झालं आणि पेन थांबलं. भाटियाजी घड्याळ बघत होते. मी पुढे लिहिलं: ‘घडावे यासाठी प्रयत्न चालू आहेत.’ आणि खाली, कोणालाही न विचारता, सही केली.